कूलर विकत घेण्याआधी: ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उन्हात थंड ठेवताना

बाहेर ४४ अंश, एसी चालू, मागे भार आणि समोर लांबलचक चढण. इंजिनचा काटा मध्यावर शांत उभा असतो, आणि त्याच वेळी गिअरबॉक्सचं तेल ११५ अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर या तेलाचं तापमान दिसतच नाही. फक्त एक दिवा असतो, आणि तो लागतो तोवर तेलाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

अशा वेळी पहिला सल्ला हमखास मिळतो, "मोठा कूलर टाक," म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी मोठी जाळी बसव. कधीकधी तो बरोबरही असतो. पण तेल कमी असेल, जाळी चिखलाने भरली असेल किंवा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) लागतच नसेल, तर कूलरवर खर्च करूनही काटा तिथेच राहतो. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

गाडीत नेमकं काय आहे?

क्लचचं पेडल नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. अनेक मोठ्या ट्रकमध्ये एएमटी असते. म्हणजे आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्रणा करते. तिथे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नसतो, तापते ती क्लचप्लेट, आणि या लेखातलं बरंचसं तिला लागू पडत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: भार घेऊन वेग वाढवताना प्रत्येक गिअर बदलाला गाडी क्षणभर ओढ सोडते आणि पुन्हा धरते, ती एएमटी. कन्व्हर्टरवाल्या गाडीत ओढ तुटत नाही. शंका असेल तर गाडीखाली पाहा. गिअरबॉक्समधून दोन बारीक पाइप निघून पुढे रेडिएटरकडे गेलेले दिसले, तर पुढे वाचा.

उष्णता जन्मते कुठे

एक पंखा लावा आणि त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवा. पहिल्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त हवेच्या जागी तेल असतं. इंजिनच्या बाजूचं चक्र आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं चक्र यांच्या वेगात जो फरक राहतो, त्याला स्लिप म्हणतात. त्या फरकात वाया गेलेली सगळी ताकद तेल तापवते. इंजिन १०० किलोवॅट देतंय आणि त्या क्षणी कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के आहे असं धरा. उरलेले २० किलोवॅट गेले तेलात. २ किलोवॅटचे १० गीझर एकदम लावल्यासारखं हे आहे, आणि तापवायला तेल किती, तर बहुतेक पिकअप आणि हलक्या ट्रकमध्ये १० ते १५ लिटर.

गाडीने वेग घेतला की कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच दोन्ही चक्रं जोडून टाकतो. स्लिप जवळजवळ शून्य, उष्णताही किरकोळ. त्यामुळे सपाट रस्त्यावर ताशी ८० ने भार ओढणारी गाडी थंड राहते आणि ताशी १५ ने चढण चढणारी किंवा वाळूत रुतून चाकं फिरवणारी गाडी काही मिनिटांत तापते. वेग जास्त म्हणजे उष्णता जास्त, हा नवख्यांचा समज इथे उलटा ठरतो.

आता उन्हाचा वाटा पाहू. कूलर किती उष्णता बाहेर टाकणार, हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तेल ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७० चा. हवा ४५ झाली की उरले ५०. तोच कूलर, तोच वारा, पण क्षमता जवळपास ३० टक्क्यांनी घटली. त्यातही कूलर एसीच्या कंडेन्सरमागे (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीमागे) असेल तर त्याला मिळणारी हवा बाहेरच्यापेक्षा आणखी गरम.

आधी मोजा

मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. दोन वाटा आहेत. निदानाच्या सॉकेटला लावायचा स्कॅनर तेलाचं तापमान दाखवू शकतो. मात्र हे मूल्य बहुधा उत्पादकागणिक वेगळ्या कोडवर असतं, म्हणून स्कॅनर किंवा त्याचं ॲप तुमच्या मॉडेलला चालतं का हे आधी बघा. दुसरी वाट म्हणजे वेगळा सेन्सर आणि गेज.

सेन्सर कुठे बसवला यावर आकडा बदलतो. चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात) बसवलात तर गिअरबॉक्सला प्रत्यक्ष मिळणारं, थंड होऊन आलेलं तेल मोजलं जातं. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर बसवलात तर सगळ्यात गरम तेल. चढणीवर या दोन आकड्यांत २० ते ३० अंशांचा फरक सहज पडतो. रोजच्या वापरासाठी चेंबरचा आकडा भरवशाचा. पाइपवरचा काटा क्षणात उडी मारतो आणि उगाच घाबरवतो, पण कन्व्हर्टरमध्ये काय चाललंय ते तोच आधी सांगतो. तेव्हा दुसऱ्या कुणाच्या गाडीच्या आकड्याशी तुलना करताना त्याचा सेन्सर कुठे आहे ते पहिल्यांदा विचारा.

चेंबरमधल्या तेलाचे ढोबळ टप्पे:

- ८० ते ९५ अंश: ठीक. काही नव्या गिअरबॉक्समध्ये थर्मोस्टॅट मुद्दामच तेल याहून थोडं गरम ठेवतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलमधला (माहितीपुस्तकातला) आकडा पाहा.
- १०५ च्या आसपास: चढणीवर थोडा वेळ चालेल. सपाटीवरही तेवढंच राहत असेल तर कारण शोधा.
- ११५ च्या पुढे: खनिज तेलाचा चिकट थर व्हॉल्व्हवर बसायला लागतो. भार किंवा वेग बदला.
- १२५ ते १३०: रबरी सील कडक होऊ लागतात. थांबा.
- १४५ च्या पुढे: क्लचप्लेट घसरतात आणि जळतात.

गॅरेजमध्ये एक जुना नियम चालतो. ८० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. सिंथेटिक तेल याहून बरंच सोसतं, तरी अंदाज बांधायला नियम उपयोगी आहे.

तेल: पातळी, वास, जात

डिपस्टिक असेल तर गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक लावा. तेल चालवून गरम झालेलं हवं. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून एकदा सावकाश फिरवा आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आणा. इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून काढा, आणि 'हॉट' खुणेशी ताडून बघा. गरम तेल फुगतं, त्यामुळे थंड गाडीत 'हॉट' खुणेपर्यंत तेल भरणारा माणूस ते जास्तच भरतो.

जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट. पातळी चढली की फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसाला धड दाब धरता येत नाही, क्लच घसरतात आणि उष्णता वाढते. पुढे तेल ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायच्या नळीतून) बाहेर पडून गरम सायलेन्सरवर ठिबकतं, आणि तिथून आग लागू शकते. कमी तेलात पंप हवा ओढतो आणि शेवट तोच. डिपस्टिकवर बारीक बुडबुडे दिसले तर आधी पातळी दुरुस्त करा.

डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सला बाजूला किंवा खाली लेव्हल प्लग असतो. तेल ठरावीक तापमानाला, अनेकदा ४० ते ५० अंशांच्या दरम्यान, असताना प्लग उघडला की धार येऊन थेंबांवर यायला हवी. त्यासाठी इंजिन चालू ठेवून गाडीखाली जावं लागतं. गाडी चारही बाजूंनी समतल आणि मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) असेल तरच हे करा. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. लालसर आणि पसरणारा असेल तर बरं. तपकिरी असेल पण वास नसेल तर बदलायची वेळ जवळ आली. काही तेलं लवकर गडद होतात, म्हणून रंगापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. काळपट, जळका वास आणि मध्ये न पसरणारा ठिपका असेल तर क्लचचं मटेरियल तेलात आलंय. आणि तेल गुलाबी, दुधाळ, फेसाळ दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरच्या टाकीतला आतला कूलर फुटून कूलंट तेलात शिरलंय. त्यातलं ग्लायकॉल क्लचप्लेटचा गोंद सोडवतं, त्यामुळे "गॅरेजपर्यंत तेवढी चालवत नेतो" हा हिशोब फार महागात पडतो.

चेंबर काढून तेल बदललं तर साधारण तिसरा हिस्सा ते अर्धं तेलच निघतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपांत राहतं. भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेली जातच घ्या. 'सगळ्याला चालतं' अशा डब्यांवर आमचा भरवसा नाही, विशेषतः सतत तापणाऱ्या गाडीत.

आहे ते कूलिंग नीट आहे का

रेडिएटर, कंडेन्सर आणि कूलर एकामागे एक उभे असतात. समोरून सगळं स्वच्छ दिसतं. कचरा साचतो तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत: धूळ, किडे, गवताचं कुसळ, वर तेलाचा ओशट थर. बॅटरीचा दिवा मागून लावून समोरून बघा, उजेड आरपार आला नाही की समजायचं. धुताना पाणी पंख्याच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जाईल. दाब कमी ठेवा. प्रेशर वॉशर जवळ धरला की जाळीच्या पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

पंख्याला व्हिस्कस क्लच (आतल्या दाट तेलाने पंखा इंजिनला जोडणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा; चांगला जड फिरला पाहिजे. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. इलेक्ट्रिक पंख्याच्या जवळ मात्र हात नेऊ नका, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असेल तर पंखा तीच हवा गोल फिरवत बसतो. "आवाज करत होतं म्हणून काढलं" असं सांगणारे बरेच भेटतात.

तेलाचा प्रवाह तपासायला परतीचा पाइप गिअरबॉक्सपाशी सोडवा, त्याला होज जोडून टोक मापाच्या डब्यात धरा. तेल गरम असू द्या, कारण थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत थंड तेल कूलरकडे जातच नाही आणि पाइप चोंदल्यासारखा वाटतो. न्यूट्रलमध्ये, आयडलवर, बरोबर २० सेकंद इंजिन चालवा. पिकअप आणि हलक्या ट्रकला साधारण १ लिटर आलं पाहिजे. मोठ्या गिअरबॉक्सला मॅन्युअलचा आकडा. २० सेकंदांपुढे जाऊ नका, पंप कोरडा पडेल. निघालं तेवढंच तेल परत भरा. निम्मंच येत असेल तर पाइप कुठेतरी चेपलाय किंवा कूलर आतून भरलाय. जुना गिअरबॉक्स जळून नवा बसवलेल्या गाडीत हे सर्रास आढळतं. जुन्या क्लचचा चुरा कूलरमध्ये तसाच राहतो. थरांच्या बांधणीचा कूलर फ्लश करूनही खात्रीने साफ होत नाही, तो बदलावा.

लॉकअपची चाचणी

मोकळ्या रस्त्यावर, गरम गाडी, ताशी ७० ते ८० चा स्थिर वेग. ॲक्सिलरेटर जसाच्या तसा ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला अगदी हलका स्पर्श करा. मागचा दिवा लागेल एवढाच, गाडी थांबवायची नाही. आरपीएमचा काटा साधारण १५० ते ३०० ने वर जाऊन पाय काढल्यावर पुन्हा खाली आला, तर लॉकअप लागतोय. काटा हललाच नाही तर बहुधा तो लागत नाहीये आणि कन्व्हर्टर दिवसभर घसरतोय. त्यावर कोणताही कूलर पुरणार नाही. सोलेनॉइड (विजेवर चालणारा तेलाचा व्हॉल्व्ह), वायरिंग किंवा ब्रेक स्विच तपासून घ्या. सदोष ब्रेक स्विच हे फार स्वस्त आणि फार दुर्लक्षित कारण आहे. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर गाडी जणू वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी ओढते, लॉकअप उशिरा लागतो आणि उष्णता वाढते.

मग कूलर

एवढं सगळं ठीक असूनही आकडा चढत असेल तर जादा कूलर घ्या. खोक्यावर वजनाची क्षमता लिहिलेली असते. ती ट्रक, भार आणि ट्रेलर यांच्या एकूण वजनाशी जुळवा आणि कडक उन्हात काम असेल तर एक माप वरचं घ्या. नळी आणि पत्र्यांचा साधा कूलर स्वस्त, पण त्याच आकारात थरांचा कूलर बराच जास्त काम करतो. थंडीतही गाडी चालत असेल तर थर्मोस्टॅटवाला घ्या. फार थंड तेलात काही गिअरबॉक्स लॉकअप लावतच नाहीत.

१. गाडी थंड होऊ द्या. दोन पाइपांपैकी कोणता येणारा, कोणता जाणारा ते आधीच ओळखून ठेवा. थंड इंजिन सुरू केल्यावर जो पाइप आधी कोमट होतो, तो गिअरबॉक्समधून निघणारा. थर्मोस्टॅट असेल तर थोडं थांबावं लागेल.

२. मांडणी अशी ठेवा: गिअरबॉक्समधून रेडिएटरची टाकी, तिथून नवा कूलर, तिथून परत गिअरबॉक्स. टाकी तेलाला कूलंटच्या तापमानापर्यंत आणते, त्याखाली नवा कूलर नेतो. उलटं जोडलंत तर थंड झालेलं तेल टाकीत जाऊन पुन्हा तापून येतं.

३. कूलर कंडेन्सरच्या पुढे बसवा, मध्ये ६ ते १२ मिमी फट. जाळीतून आरपार जाणारे प्लास्टिकचे बंद किटमध्ये मिळतात, ते वापरू नका. कंपनांनी ते कंडेन्सरच्या नळीला घासत राहतात आणि एके दिवशी एसीचा गॅस जातो. पत्र्याचे ब्रॅकेट करून चौकटीला बोल्ट लावा. तोंडं वर किंवा बाजूला असावीत. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते. समोर जागाच नसेल तर पंखा असलेला कूलर चासीला, दगड आणि सायलेन्सरपासून लांब. त्याच्या पंख्याला साधारण ८० अंशांचा स्विच, रिले आणि फ्यूज.

४. होज गिअरबॉक्स तेलासाठीचाच. डिझेलचा होज दिसायला सारखा असतो, पण गरम तेलाने काही महिन्यांत मऊ होऊन निसटतो. आतलं माप मूळ पाइपाएवढं ठेवा, बहुधा ३/८ इंच. बारीक होज म्हणजे कमी प्रवाह.

५. धातूचा पाइप कापलात तर टोकाला फुगवटा काढल्याशिवाय होज चढवू नका. गुळगुळीत पाइपावरून होज दाबाने सटकतो आणि सगळं तेल मिनिटाभरात रस्त्यावर येतं. होज किमान २५ मिमी आत, क्लिप फुगवट्याच्या मागे. क्लिप कडा वळवलेली घ्या. खाचांची साधी क्लिप रबर कापते.

६. तेल भरा, कूलर आणि होजच्या मापानुसार अर्धा ते एक लिटर जास्त लागेल. इंजिन सुरू करून सांधे बघा, गरम झाल्यावर पातळी पुन्हा बघा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर थंड गाडीत क्लिपा परत आवळा, रबर बसतं आणि त्या सैल होतात.

खोल चेंबर बसवायची कल्पनाही बरेच जण मांडतात. तेल वाढल्याने तापायला वेळ लागतो, हे खरं. पण दोन तासांच्या चढणीवर आकडा शेवटी तिथेच पोहोचतो.

चालवताना

टो/हॉल मोड (भार ओढण्यासाठीची सेटिंग) असेल तर चढण सुरू होण्याआधीच लावा. नसेल तर ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करून एक गिअर खाली घ्या. खालच्या गिअरमध्ये आरपीएम वाढतो, आवाज वाढतो, नवखा ड्रायव्हर बिचकतो. पण त्याने लॉकअप धरून राहतो, पंप जास्त तेल फिरवतो आणि पंखाही जोरात चालतो. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरणं हे गिअरबॉक्सला सगळ्यात जड जातं. चढणीवर थांबायची वेळ आली तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. सिग्नलला मिनिटाभराहून जास्त उभं राहायचं असेल तर न्यूट्रल. चिखलात किंवा वाळूत पुढे-मागे हेलकावे देताना दर काही प्रयत्नांनंतर थांबून आकडा बघा. उतारावर हायड्रॉलिक रिटार्डर (तेलाच्या अडथळ्याने गाडी आवरणारा जादा ब्रेक) वापरत असाल तर त्याची सगळी उष्णता याच तेलात जाते, हेही लक्षात असू द्या.

तापलंच तर

सुरक्षित जागी, वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करा. इंजिन बंद करू नका. बंद केलं की पंप थांबतो आणि गरम तेल कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. हँडब्रेक, न्यूट्रल, आरपीएम १००० ते १२०० आणि एसी बंद. पार्कऐवजी न्यूट्रल अशासाठी की काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कूलरकडे तेलच जात नाही. इंजिनचं स्वतःचं तापमान ठीक असेल तर दोन-तीन मिनिटांत आकडा उतरायला लागतो. उतरत नसेल, धूर येत असेल किंवा खाली तेल ठिबकत असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करा, अग्निशामक हाताशी घ्या आणि गाडीखाली जाऊ नका. १३० च्या पुढे एकदा जरी गेलं असेल तरी पुढच्या मुक्कामी कागदावर थेंब टाका. वास जळका आला तर तेल आणि फिल्टर बदला, आणि काढलेल्या चेंबरच्या तळाशी चुंबकावर काय जमलंय ते बघा. राखाडी मऊ लेप नेहमीचाच असतो, पण चमकणारे तुकडे सापडले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.